यशवंतकाका आणि गोठलेली कुलपं

नोव्हेंबर लागला की यशवंतकाका मोटारसायकलची किल्ली बनियनच्या खिशात ठेवायचे. बनियनला खिसा नसतो. तो त्यांनी स्वतः शिवला होता, डाव्या काखेखाली, जाड दोऱ्याने. गाडी काढायची म्हणजे आधी जॅकेटची चेन, मग स्वेटर, मग शर्टाची दोन बटणं, असा सगळा कार्यक्रम रस्त्यात उभ्याउभ्या चालायचा. शेजारचे जर्मन लोक मान वळवून बघायचे. काका शांतपणे हात आत घालायचे, किल्ली काढायचे आणि गार व्हायच्या आत कुलपात सरकवायचे. "गार किल्ली गार कुलपात घातली की दोघं मिळून आपल्याविरुद्ध जातात," असं म्हणायचे. मार्चअखेरपर्यंत रोज हेच.

ते गेले तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या गटावर जे लिहून आलं ते वाचून माझं डोकं फिरलं. ऋषितुल्य. अजातशत्रू. देवमाणूस. हे लिहिणाऱ्यांतल्या निदान तिघांना मी त्यांच्या पाठीमागे 'तो गॅरेजवाला' म्हणताना ऐकलंय. काका देवमाणूस नव्हते. हट्टी होते, तुसडे होते, चूक दाखवायची संधी सोडत नव्हते आणि दाखवून झाल्यावर समोरच्याला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलत नव्हते. मी पत्रकं लिहिते, शोकसंदेश लिहिता येत नाहीत. म्हणून जसं झालं तसं लिहिते. त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

आमची पहिली भेट म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमच्या स्टेशनजवळ, एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये झाली. जानेवारीची सकाळ होती. मी तेव्हा मास्टर्स करत होते आणि उरलेल्या वेळात घरोघरी जेवणाच्या ऑर्डरी पोचवत होते. माझी स्वतःची, थर्डहँड घेतलेली छोटी मोटारसायकल होती. त्या दिवशी किल्ली इग्निशनमध्ये अर्धी जाऊन अडकत होती. मी लायटर पेटवून किल्ली त्यावर धरली होती आणि किल्लीच्या मुठीचं प्लास्टिक वास मारायला लागलं होतं. "मर तिकडे," मी कुलपाला म्हणाले. इतकी वर्षं जर्मन शिकून शिवी अजून मराठीतच येते.

"कुणाला मर म्हणतेस?" मागून आवाज आला. "कुलूप आहे ते. त्याला मराठी येत नाही."

कानटोपी घातलेले एक उंच, खांद्यात वाकलेले गृहस्थ ट्रॉली घेऊन उभे होते. ट्रॉलीत बटाटे आणि दुधाच्या पिशव्या.

"लायटर ठेव आधी. त्या मुठीत चिप आहे. ती वितळली की गाडी मे महिन्यातसुद्धा सुरू होणार नाही."

"मग काय करू? बर्फ वितळवायचा स्प्रे आहे माझ्याकडे."

"कुठाय?"

"सीटखाली."

"आणि सीट कशाने उघडते?"

सीट त्याच किल्लीने उघडत होती, आणि सीटचं कुलूपही तितकंच गोठलेलं होतं. ते हसले नाहीत. "दर हिवाळ्यात एक तरी भेटतंच असं," एवढंच म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

मी कुलपावर फुंकर मारायला वाकले तर त्यांनी मला बाजूला केलं. तोंडाची वाफ म्हणजे पाणीच, ते आत जाऊन पुन्हा गोठणार. त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली, मूठ खिशात घातली आणि मिनिटभर नुसते उभे राहिले. मग किल्ली जाईल तेवढीच आत घातली, थोडा वेळ तशीच ठेवली, काढली, रुमालाने पुसली, पुन्हा मूठ. असं पाच वेळा झालं. मला उशीर होत होता आणि मी ते बोलून दाखवलं. "हो, होतोय," ते म्हणाले आणि सहाव्यांदा मूठ मिटली. त्या खेपेला किल्ली पूर्ण आत गेली आणि दोन बोटांच्या जोराने फिरली.

"काल धुतलीस ना गाडी?"

"हो. रविवार होता."

"गेनाऊ, तेच ते. धुतलीस आणि बाहेर ठेवलीस. कुलूप रागावलेलं नसतं गं, ओलं असतं. त्याच्यावर चिडून काय उपयोग? शनिवारी माझ्या गॅरेजमध्ये ये. दाखवतो."

यशवंतकाका मूळचे मिरजेकडचे. तिथल्या एका छोट्या कारखान्यात टर्नर होते, तरुणपणी जर्मनीत आले आणि म्युनिकच्या उत्तरेला एका मोटारसायकल वर्कशॉपमध्ये उभं आयुष्य काढलं. रेनाटेशी लग्न केलं, ती बालवाडीत शिकवायची. त्यांना ती याशा म्हणायची. काकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी वर्कशॉपचा सध्याचा माइस्टर, म्हणजे मुख्य कारागीर, त्यांच्याच हाताखाली शिकलेला असल्याने अडलेलं कुलूप, तुटलेली किल्ली असलं काही आलं की फोन काकांनाच. त्यांच्या सोसायटीत आणखी चौघांकडे मोटारसायकली होत्या, पण त्यांच्या नंबरप्लेटवर गाडी चालवायच्या परवानगीचे महिने लिहिलेले होते, मार्च ते ऑक्टोबर. हिवाळ्यात त्या गाड्या पांघरुणाखाली झोपायच्या. काकांच्या प्लेटवर महिने नव्हते. "आपल्याला बाराही महिने कामाला जायचं असतं," ते म्हणायचे. निवृत्तीनंतरसुद्धा हेच म्हणायचे.

शनिवारी मी गेले. मग जात राहिले. गॅरेजमध्ये एका लाकडी फळीवर जुनी इग्निशन कुलपं उभी कापून ठोकलेली होती, आतल्या पितळी पत्र्या दिसाव्यात म्हणून. किल्ली आत गेली की त्या बारीक पत्र्या एकेक करून खाली बसतात आणि त्यातली एक जरी बसली नाही तरी कुलूप फिरत नाही. थंडीत काय होतं, तर आत शिरलेला पाण्याचा एखादा थेंब तेवढी एक पत्री धरून ठेवतो. काका हे मला बोटाने दाखवायचे आणि मग विचारायचे, "आता यात जोर कुणाला लावणार? पाण्याला?"

त्यांचे नियम साधे होते. पाणी आत जाऊच द्यायचं नाही. जुन्या चामडी हातमोज्याचं एक बोट कापून ते इग्निशनवर टोपीसारखं चढवायचं. गाडी उभी करताना कुलपाची बाजू वाऱ्याकडे ठेवायची नाही. थंडीत धुवायचीच झाली तर कुलपावर चिकटपट्टी लावून धुवायची आणि नंतर वाळवायची. स्प्रे कोटाच्या खिशात. आणि तो मारला की आतलं वंगणही धुऊन जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा वंगण. गरम पाणी कधीच नाही, पाच मिनिटांत त्याचाच बर्फ होतो. हे सगळं ते एखाद्या खटल्यात साक्ष दिल्यासारखं सांगायचे, सावकाश, मधलं काही न गाळता. मला जांभई आली की थांबायचे. "आल्झो, बरं तर, झोप झाली की सांग," म्हणायचे, आणि खरंच वाट बघत बसायचे.

दरम्यान माझं शिक्षण संपलं, एका सॉफ्टवेअर कंपनीत अर्धवेळ नोकरी लागली आणि उरलेला वेळ मी ऑर्डरी पोचवणाऱ्यांच्या संघटनेत घालायला लागले. संघटना म्हणजे आम्ही नऊ-दहा जण, एक घडीचं टेबल आणि पत्रकं. त्या कंपन्यांबद्दल मला आजही तितकाच राग आहे. उणे दहात लोकांना गाडीवर पाठवायचं, गाड्या उघड्यावर ठेवायच्या, दर शुक्रवारी संध्याकाळी पाण्याच्या फवाऱ्याने धुवायच्या कारण गाडीवरचा कंपनीचा लोगो चकाचक दिसला पाहिजे, आणि शनिवारी सकाळी कुलूप गोठलं की उशिराची नोंद चालकाच्या नावावर. आपलेच पुण्या-मुंबईचे लोक गणपतीच्या सभागृहात बसून हीच जेवणं मागवायचे आणि पोराने बेल वाजवली की "लेट झाला रे" म्हणायचे. मराठीत. त्याला मराठी कळतं हे माहीत असूनही.

तर त्या हिवाळ्यात मी ठरवलं, गोठलेल्या कुलपांवर पत्रक काढायचं. पाच भाषांत. मराठीचं माझ्याकडे. मजकूर काकांनी सांगितला, मी टिपून घेतला. तेलाबद्दल त्यांनी सांगितलं ते असं: "कुलपाचं बारीक तेल मिळतं ते, नाहीतर ग्राफाइटची पूड. खायचं, डोक्याचं, साखळीचं, असलं कुठलंही तेल घालू नये."

आमच्यात पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिला धडा असतो छाटायचा. एका दमात वाचून होत नाही ते वाक्य काढून टाक. माणूस टेबलापाशी चार सेकंद थांबतो. मी काकांची वाक्यं छाटली. तेलाचं उरलं ते एवढं: 'कुलपात रोज दोन थेंब तेल सोडा.' मला ते फार आवडलं होतं.

वाटून झाल्यावर एक प्रत काकांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"छान वाचता येतंय," ते म्हणाले. "कुठलं तेल?"

"लोकांना कळतं, काका."

"कुणाला कळतं? आपल्या घरात तेल म्हटलं की पहिली कुठली बाटली हाताला लागते?"

"पुढच्या वेळी घालते ते वाक्य."

"पुढच्या वेळी नाही. ज्यांना दिलंस त्यांच्याकडे जा आणि तोंडाने सांग. मराठी वाचणारे असून असून किती असतील?"

वीसेक होते. मी जाते म्हणाले. त्या आठवड्यात आमचं निदर्शन होतं, पुढच्या आठवड्यात दुसरं काहीतरी होतं. मी गेले नाही.

त्या वीसांमध्ये संकेत होता. बार्शीचा, चार महिन्यांपूर्वी शिकायला आलेला. भारतातलं लायसन्स अजून चालत होतं म्हणून त्याला एका कंपनीच्या मोटारसायकलीवर काम मिळालं होतं. प्रोबेत्साइट चालू होती, म्हणजे पहिले काही महिने, जेव्हा कारण न देताही काढून टाकता येतं. सरळ मुलगा. कागदावर लिहिलेलं सगळं करणारा. त्याच्याकडे तेल होतं ते एकच, आईने बॅगेत घालून दिलेली खोबरेलाची बाटली. खिडकीत ठेवलेली ती बाटली थंडीने पांढरी, घट्ट झाली होती. म्हणून तो रोज सकाळी बाटली हीटरवर ठेवायचा, पातळ करायचा, आणि खाली जाऊन इग्निशनमध्ये दोन थेंब सोडायचा. पत्रकात लिहिल्याप्रमाणे, न चुकता.

जानेवारीच्या मध्यावर, उणे अकरामध्ये, त्याच्या हातात किल्ली तुटली. अर्धी आत, अर्धी बाहेर. गाडी ओढून नेली ती काकांच्याच जुन्या वर्कशॉपमध्ये. मॅनेजरने वर्कशॉपकडून लेखी मागवलं की चूक कुणाची, आणि सोमवारी संकेतला भेटायला बोलावलं. संकेतने मला फोन केला. तो मला मुक्ताताई म्हणायचा. "ताई, तुम्ही याल ना सोबत?"

शनिवारी वर्कशॉपमध्ये काकांनी ते कुलूप उघडलं. मी बाजूला उभी होते. कंपनीची लक्तरं काढायला मला पुरावा हवा होता आणि तो मिळालाही. इग्निशनवरचं रबरी झाकण नव्हतं, आत पाणी गेल्याच्या खुणा होत्या. मग काकांनी एका पत्रीवरून काहीतरी पांढरं खरवडून नखावर घेतलं, हुंगलं आणि बोट माझ्यापुढे धरलं.

"घे वास."

मी घेतला. मला वर्कशॉपमध्ये उभ्याउभ्या आमच्या घरचं न्हाणीघर आठवलं.

"खोबरेल आहे," काका म्हणाले. "या थंडीत मेण होतं त्याचं. पत्र्या वरच्या वर चिकटून बसल्यात."

"काका, हे लिहू नका."

"का?"

"कंपनी पत्रक दाखवेल सगळ्यांना. म्हणेल, बघा, यांचं ऐकाल तर नोकरी जाईल. आमचं काम संपेल."

"मग?"

"मग काय? पाणी आत गेलं हे खरंय ना? तेवढं लिहा. खोटं लिहा असं म्हणत नाही मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात पुसले, टेबलाशी बसले आणि जर्मनमध्ये लिहायला सुरुवात केली, सुवाच्य, शाळेतल्यासारख्या अक्षरात. दोन पानं झाली. प्रत्येक पानावर खाली क्रमांक, '२ पैकी पान १' अशा धर्तीचा, आणि प्रत्येकावर वेगळी सही. पहिल्या पानावर झाकण, फवारा, पाणी. दुसऱ्या पानावर मोजकी वाक्यं: कुलपात गोठलेलं खोबरेल सापडलं. चालकाने ते छापील सूचनेप्रमाणे घातलं होतं. सूचना अपुरी होती. किल्लीला आधीपासून चीर होती. जोर लावून फिरवल्याची कोणतीही खूण पत्र्यांवर नाही.

"सोमवारी तू जाणारच आहेस ना त्याच्याबरोबर?" काका म्हणाले. "दोन्ही पानं दे. उशीर करू नको."

सोमवारी मी अर्धा तास आधी पोचले. एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनवर बाकावर बसले आणि दोन्ही पानं पुन्हा वाचली. मी स्वतःला काय काय सांगितलं ते लिहिते, कारण तेव्हा मला ते अगदी पटलं होतं. एका माणसाच्या नोकरीपेक्षा सगळ्यांचं काम मोठं. पहिलं पान पुरेसं आहे. कंपनीला आयतं हत्यार कशाला द्यायचं? मग मी पहिल्या पानाच्या तळाची पट्टी घडी घालून, नखाने दाबून, सरळ फाडली. क्रमांक गेला, वरची सही राहिली. दुसरं पान बॅगेत आतल्या कप्प्यात ठेवलं.

मॅनेजर सभ्य माणूस होता, आवाज न चढवणारा. त्याने पान वाचलं. झाकणं बसवून घेऊ म्हणाला, फवाऱ्याचंही बघू म्हणाला. मग म्हणाला, "पण झाकण बाकीच्या गाड्यांनाही नाही. त्याही शुक्रवारीच धुतल्या होत्या. किल्ली फक्त यांच्या हातात तुटली. म्हणजे यांनी जोर लावला."

"मी जोर नाही लावला," संकेत म्हणाला. मोडक्या जर्मनमध्ये त्याने ते तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं.

तेच वाक्य, काकांच्या सहीनिशी, माझ्या मांडीवरच्या बॅगेत होतं. बाहेर काढलं असतं तर पट्टी का फाडली ते सांगावं लागलं असतं. मी कंपनीच्या शोषणावर बोलले. चांगली बोलले. आम्ही बाहेर पडलो तेव्हा संकेतला काम नव्हतं, आणि तो मला म्हणत होता, "ताई, तुम्ही होतात म्हणून निदान कुणीतरी बोललं."

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. "दोन्ही पानं दिलीस?"

"दिली."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

नंतर कळलं की त्यांनी संकेतसाठी माइस्टरकडे शब्द टाकला आणि संकेत आठवड्यातून दोन दिवस वर्कशॉपमध्ये जायला लागला. त्याला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की दुसरं पान वेळेवर पोचलं नाही. संकेतला वाटलं मॅनेजरने गहाळ केलं. तो आमच्या टेबलावर यायला लागला, थंडीत उभा राहून पत्रकं वाटायला लागला. नव्या पोरांना म्हणायचा, "मुक्ताताईंना विचारा, त्या भांडतात आपल्यासाठी."

मी काकांकडे जाणं कमी केलं. गेले की ते नेहमीसारखे वागायचे. चहा करायचे, एखादं नवं कापलेलं कुलूप दाखवायचे. "काय पत्रकबाई, काय छापताय सध्या?" असं विचारायचे आणि उत्तर नीट ऐकून घ्यायचे. त्यांनी पानांचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मला वाटलं, विसरले. त्यांना ओळखून दोन वर्षं झाली होती आणि तरी मला तसं वाटलं. लाज वाटते मला त्याची.

मार्चच्या शेवटी रेनाटेचा फोन आला. याशाच्या छातीत पाणी झालंय, हॉस्पिटलमध्ये आहे, तू का येत नाहीस असं विचारतोय. मी दुपारीच गेले. काका पलंगाची पाठ उंच करून बसले होते. नाकाला नळी होती आणि एकेक वाक्याला थांबावं लागत होतं. मी फळं आणली होती ती टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं.

"काका, मी दुसरं पान दिलं नव्हतं."

"माहितेय."

"कधीपासून?"

"तू 'दिली' म्हणालीस ना, त्याच्या आधी मी त्या मॅनेजरला फोन केला होता." ते थांबले, श्वास घेतला. "त्याला प्रतही पाठवली मग. म्हणाला, आता दुसरा माणूस घेतला."

"मग मला का नाही विचारलंत?"

"विचारलं की. तू दिली म्हणालीस."

मला रडू यायला लागलं. मी म्हणाले, "माझं चुकलं, काका."

"मला काय सांगतेस?" ते म्हणाले. आवाज बारीक होता पण तुसडेपणा तोच. "माझं काय गेलंय? संकेतला सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे काय करतेस?"

मी म्हणाले, थोडा वेळ बसते, मग जाते. भेटायच्या वेळेचा एक तास शिल्लक होता. त्यांनी मान हलवली. "बसू नकोस. दहा आठवडे बसलीस. जा आता." आणि तोंड खिडकीकडे केलं. मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, "छाटून सांगू नको त्याला. सगळं सांग."

संकेत वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात भात लावत होता. मी सगळं सांगितलं. स्टेशनवरचा बाक, पट्टी, बॅगेचा कप्पा. पत्रकातलं कुठलं वाक्य मी गाळलं आणि काकांनी तोंडाने सांगून ये म्हटल्यावर मी कशी गेले नाही, तेही. भाताला उकळी आली तेव्हा त्याने गॅस कमी केला.

"ते पान कुठाय?"

ते अजून बॅगेतच होतं. मी दिलं. त्याने उभ्याउभ्या वाचलं, बोट ठेवून, कारण त्याचं जर्मन अजून कच्चं होतं. शेवटच्या वाक्यापाशी बोट थांबलं. तो ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.

"मी बाबांना सांगितलं होतं," तो म्हणाला, "की माझ्याच हातून झालं असेल. थंडीत बोटांना कळत नाही म्हटलं, लागला असेल जोर. इतक्या लोकांनी म्हटलं ना ताई, की मला पण तसंच वाटायला लागलं."

माफी मागून झाली होती. तो माफ केलं म्हणाला नाही आणि मी तशी अपेक्षा करत थांबणं बरं दिसलं नसतं. त्याने पानाची घडी घातली आणि स्वतःच्या पाकिटात ठेवली.

"हे माझ्याकडे राहील," तो म्हणाला. मग पाकीट खिशात सरकवत, "उद्या काकांकडे जाल तेव्हा मलाही यायचंय."

काकांना त्याच संध्याकाळी फोन करावा असं माझ्या मनात आलं होतं. केला नाही. उद्या समोर उभं राहूनच सांगू, संकेत बरोबर असेल, असं ठरवलं. संघटनेच्या लोकांना मात्र त्या रात्री मी सगळं लिहून पाठवलं आणि पत्रक नव्याने छापायचं ठरलं. तेलाबद्दलची काकांची सगळी वाक्यं त्यात आहेत, आणि खाली लिहिलंय की आधीच्या पत्रकातली सूचना चुकीची होती आणि ती कुणी लिहिली होती. चार सेकंदांत वाचून होत नाही. लोकांना थांबून वाचावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं हॉस्पिटलला पोचलो तेव्हा रेनाटे खोलीबाहेरच्या खुर्चीवर कोट घालून बसली होती. काका पहाटे गेले होते. तिने ते आम्हाला साध्या शब्दांत सांगितलं, जर्मनमध्ये, आणि माझा हात हातात घेतला. तिचा हात थंड होता. खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

"काल संध्याकाळी दोनदा विचारलं त्याने," ती म्हणाली. "मुक्ताचा फोन आला का, तिने त्याला सांगितलं का. मी विचारलं, कुणाला, काय? तर म्हणाला, ते तिला माहितेय." ती माझ्याकडे बघत राहिली. "सांगितलंस का तू?"

"सांगितलं," माझ्याआधी संकेत म्हणाला.